त्या जूनमध्ये यशोदाबाईंनी दार लावलं

यशोदाबाई आगासकर या माझ्या आईच्या मावशी. गिरगावात ठाकुरद्वारजवळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. बाहेरच्या खोलीचं दार गॅलरीत उघडायचं, आणि ते कायम उघडंच असायचं. सकाळी दूधवाला येऊन गेला की यशोदाबाई दाराखाली लाकडी पाचर सारून द्यायच्या, ती रात्री निजायच्या वेळीच निघायची. जाता-येता कुणीही आत डोकवावं, टेकावं, कपभर चहा घ्यावा, असं ते घर.

लोक यायचे ते मुख्यतः अप्पांसाठी. अप्पा म्हणजे यशोदाबाईंचे यजमान. गोदीतल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, खणखणीत आवाजाचे. सकाळी आरामखुर्चीत बसून ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. नुसतं वाचायचे नाहीत, मध्ये थांबून मंत्र्यांची हजेरीही घ्यायचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तशी ऐकायला येणाऱ्यांची गर्दी वाढली आणि हळूहळू समितीच्या वॉर्डातल्या बैठकाही त्याच खोलीत भरायला लागल्या. बैठक संपली की चहाचे पंचवीस-तीस कप विसळायचे ते यशोदाबाईंनीच. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्याचं कुणाला आठवत नाही.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई वेगळी काढायची बातमी आली आणि शहरात गोळीबार सुरू झाला, तेव्हाची गोष्ट तर चाळभर सांगितली जायची. पोलिसांच्या पुढे धावत चार-पाच तरुण जिना चढून आले. यशोदाबाईंनी त्यांना आत ओढलं, अंगातले शर्ट काढायला लावले, पाटांवर बसवलं आणि पुढ्यात पानं वाढली. शिपाई दारात आले तेव्हा उघडीबोडकी माणसं आमटी-भात कालवत बसलेली.

"कोण आहेत हे?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"जेवणारे," यशोदाबाई म्हणाल्या. "तुम्हीही बसता का?"

शिपाई निघून गेले. त्या जेवणाऱ्यांत शेजारच्या गल्लीतल्या छापखान्यात खिळे जुळवणारा सीताराम होता. तेव्हापासून तो त्यांना मावशी म्हणू लागला.

अप्पांना निवृत्त झाल्यापासून सांधेवातानं धरलं होतं. बोटं वाकडी व्हायला लागली, सकाळी कोटाची बटणंही लावता येईनात. डॉक्टर मानकर हे त्यांच्याच ज्ञातीतले, घरचेच; यशोदाबाईंना ते वयनी, म्हणजे वहिनी, म्हणत. त्यांनी छप्पनच्या अखेरीस कॉर्टिझोनच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी जादूच केली. महिन्याभरात अप्पा स्वतःची बटणं स्वतः लावू लागले, चौपाटीपर्यंत चालू लागले. चेहरा मात्र फुगून गोल झाला.

"हे औषध गुणाचं आहे, पण त्याचा एक दोष आहे," डॉक्टरांनी यशोदाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. "अंगाची रोगाशी झुंजायची ताकद ते कमी करतं. दुसऱ्याचं साधं पडसं यांना महागात पडेल. आणि वयनी, गोळी एकदम बंदही करायची नाही. त्यानं आणखीच घोटाळा होईल."

त्या वेळी यशोदाबाईंनी मान हलवली आणि ते तिथंच राहिलं. पण सत्तावन्नच्या निवडणुकीत अप्पा मतदानाच्या रांगेत उभे राहिले, कुणीतरी शिंकलं असेल, घरी आले ते खोकतच. चाळीत तसाच खोकला झालेले बाकीचे आठवड्यात बरे झाले. अप्पांचा महिनाभर हटला नाही. रात्री उशा रचून बसवावं लागे. शहरात समितीचे उमेदवार निवडून आले, खाली गुलाल उडाला, आणि अप्पा खिडकीच्या गजाला धरून धापा टाकत ते बघत होते. यशोदाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांचं बोलणं मनावर घेतलं.

आणि मेच्या अखेरीस फ्लूची ती साथ आली.

पूर्वेकडून आलेल्या बोटींबरोबर ती आधी मद्रासला उतरली, मग मुंबईच्या गोदीत. रे रोडच्या वखारींतले हमाल आडवे झाले, मग परळ-लालबागची गिरणीतली माणसं. यशोदाबाईंकडे भांडी घासायला शेवंती यायची. ती नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची, तिचा नवरा गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा. एक दिवस ती येऊन म्हणाली, "बाई, आमच्या मजल्यावर घराघरात अंथरुणं पडलीत. साच्यांवर माणूसच नाही. ताप काय, अंगदुखी काय, चार दिवसांनी उठतात, पण म्हातारी माणसं उठत नाहीत हो सगळी."

त्याच संध्याकाळी डॉक्टर मानकर जिना चढून आले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"वयनी, दार लावा."

"म्हणजे?"

"म्हणजे लावा. ही साथ ओसरेपर्यंत अप्पांना कुणी भेटायचं नाही. खोकणारं नाही आणि न खोकणारंही नाही. ताप यायच्या आदल्या दिवशीही माणूस दुसऱ्याला देऊन जातो, त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. यांना झाला तर माझ्या हातात फारसं काही उरणार नाही."

यशोदाबाईंनी पाचर काढली. शेवंतीला सांगितलं, भांडी गॅलरीत ठेवीन, तिथूनच घे आणि तिथंच ठेव. मग दार ओढून घेतलं आणि दाराबाहेर, गॅलरीत, एक खुर्ची टाकून स्वतः बसल्या. सकाळी लोक वाचन ऐकायला आले ते त्या खुर्चीपाशी अडले.

पहिल्या दिवशी लोकांना ती गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. त्या काळी आजाऱ्याला भेटायला न जाणं हा उद्धटपणा समजत. मग धडधाकट माणसाला भेटू न देणं म्हणजे काय समजायचं? कुणी म्हणालं, अप्पांचं डोकं फिरलंय, ते लपवतायत. कुणी म्हणालं, आता समिती जिंकली, आता यांना आम्ही कशाला हवेत.

सगळ्यांत लागलं ते कमलाबाईंना. कमलाबाई शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळच्या मालवणच्या, विधवा, मुलगा बंडू परळच्या एका गिरणीच्या हापिसात. तीस वर्षांचा शेजार, दोघी एकमेकींना अगंतुगं करायच्या. बोंबलाचं भुजणं इकडून तिकडं आणि कुळथाची पिठी तिकडून इकडं, हे रोजचं. त्या दिवशी कमलाबाई पिठीची वाटी झाकून आल्या आणि सवयीनं दाराला हात घातला.

"कमळे, थांब," यशोदाबाई म्हणाल्या. "बंडूला ताप आहे ना?"

"आहे. मग?"

"मग आत नको जाऊ. वाटीही नको."

कमलाबाईंनी वाटी मागे घेतली. "काय गो, माझ्या हातचं नको? लेक तुझी, सुनंदा, माझ्या मांडीवर वाढली. आणि आता मी परकी?"

"परकी नाही. पण तुझ्या घरात ताप आहे."

"ताप सगळ्या मुंबईत आहे! तू काय एकटी नवऱ्याची बायको?" असं म्हणून कमलाबाई वळल्या. त्यांच्या दाराची कडी आतून वाजली ती अख्ख्या मजल्यानं ऐकली. दुसऱ्या दिवशी कमलाबाई स्वतःही तापानं पडल्याचं कळलं, तेव्हा यशोदाबाईंनी त्यांच्या दाराशी पेजेची तपेली ठेवली. ती संध्याकाळपर्यंत तिथंच होती.

घरातही काही बरं नव्हतं. अप्पांना एकटेपणाची सवयच नव्हती. ते वर्तमानपत्र हातात घेत, दोन ओळी वाचत आणि टाकून देत. मग एका दुपारी त्यांचा बांध फुटला.

"मला जिवंतपणीच तिरडीवर बांधलंयस तू! कोण ते मानकर? त्यांनी सांगितलं आणि तू ऐकलंस? असं भिऊन जगण्यापेक्षा मेलेलं काय वाईट?"

यशोदाबाई तांदळाचं ताट निवडायला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"मानमोडी आठवते तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

एकोणीसशे अठराच्या त्या तापाला लोक मानमोडी म्हणत. यशोदाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, बाळंतपणाला माहेरी होत्या.

"आधी आमच्या दादाची बायको, वयनी, पडली," त्या म्हणाल्या. "मग तिला बघायला सगळे आले. काका आले, आत्या आल्या, शेजारपाजार आला. मी चहा करत होते. प्रत्येक जण तिच्या उशाशी बसून, तिच्या कपाळावर हात ठेवून गेला. दादा गेला, वयनी गेली, आत्या गेल्या. आणि माझं पहिलं. मी तेव्हा कुणाला अडवलं नाही हो. अडवायचं असतं हेच माहीत नव्हतं."

त्या पहिल्या मुलाविषयी त्या चाळीस वर्षांत अप्पांशी बोलल्या नव्हत्या. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "चहा टाकतेस का?" त्यानंतर त्यांनी दाराविषयी तक्रार केली नाही. राग पुरता गेला असं मात्र नाही.

सीताराम आला तो त्याच आठवड्यात. समितीची बैठक घ्यायची होती, नेहमीच्याच खोलीत.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत म्हणून मी आज उभा आहे," तो म्हणाला. "पोलिसांना भ्याला नाहीत. आणि आता मलाच अडवता?"

"पोलीस दिसत होते, सीताराम," यशोदाबाई म्हणाल्या. "तू आता वीस घरं फिरून आलास. तुझ्याबरोबर काय चढून आलंय ते मला दिसत नाही आणि तुलाही नाही. बैठक खाली चौकात घे. अप्पा खिडकीतून बोलतील."

सीताराम चिडला होता, पण बैठक चौकात झाली. अप्पा वरून गज धरून बोलले. आवाज अजून तसाच होता, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. खाली पहिल्या बाकावर तळमजल्यावरचे शामराव बसले होते. निवृत्त मास्तर, मधुमेहाचे जुने रोगी. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन पोरांना दरडावलं आणि घरी जाऊन आडवे झाले. आठवड्याभरात त्यांची छाती भरली. इस्पितळात खाट मिळेपर्यंत ते गेले.

ही बातमी कळली तेव्हा यशोदाबाई खुर्चीतच होत्या. मला त्यांनी सांगितलं ते असं, "बैठक चौकात घ्यायला मीच सांगितलं होतं. अप्पांचं बघितलं, शामरावांचं माझ्या मनातही आलं नाही." शामरावांना तो ताप बैठकीत लागला की घरात नातवाकडून, ते कुणालाच कळलं नाही, कळणारही नव्हतं. पण त्या दिवसापासून गॅलरीतून जाणारे लोक त्या खुर्चीपासून जरा लांबून जायला लागले, आणि ते रागानं नव्हे, तर ती तिथं का आहे हे कळल्यानं.

जूनच्या मध्यावर यशोदाबाई मार्केटातून आल्या तेव्हा त्यांची पाठ दुखत होती. पिशवी ठेवली आणि त्यांना हुडहुडी भरली. अप्पा आतल्या खोलीत होते. यशोदाबाईंनी आत पाऊल टाकलं नाही. पदर तोंडावर घट्ट धरून त्यांनी बाहेरच्या खोलीतूनच सांगितलं, "अहो, मला आलाय. बाहेर येऊ नका. भात झाकलेला आहे. गोळी जेवणानंतर घ्या."

"यशोदे, अगं कुठं चाललीस?"

त्या बाहेर पडल्या. दार बाहेरून ओढून घेतलं आणि गॅलरीत उभ्या राहिल्या. जायचं कुठं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगी सुनंदा दादरला, तिच्या घरात तान्हं मूल. इस्पितळं भरलेली. अंग थरथरत होतं. शेवटी त्यांनी शेजारच्या दारावर थाप मारली.

कमलाबाईंनी दार उघडलं. आठवड्यापूर्वीच तापातून उठल्या होत्या, गाल बसले होते.

"कमळे, मला ताप आलाय," यशोदाबाई म्हणाल्या. "त्यांच्याजवळ राहता येत नाही."

कमलाबाई मला ही गोष्ट सांगताना इथं थांबायच्या आणि हसायच्या. "माझ्या मनात आलं, बोलावं हिला चार शब्द. तोंडावर आले होते सगळे. पण ती दाराची चौकट धरून उभी होती ना, ती चौकट हलत होती गो."

त्या एवढंच म्हणाल्या, "आत ये. बंडूचं अंथरूण घातलेलंच आहे."

डॉक्टर मानकरांनी ऐकलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं. ज्याला हा ताप होऊन गेला त्याला तो या साथीत सहसा पुन्हा होत नाही, असं ते म्हणाले. कमलाबाई यशोदाबाईंची सेवा करू शकत होत्या. हातपाय धुऊन, लुगडं बदलून अप्पांचं पानही दाराशी ठेवू शकत होत्या.

ताप चार दिवसांनी उतरला. यशोदाबाई उठून बसल्या, त्यांनी स्वतः वेणी घातली. आणि पाचव्या दिवशी पुन्हा चढला. या वेळी खोकल्याबरोबर बरगडीत कळ यायला लागली, ओठ निळसर दिसू लागले. मानकरांनी नळी लावून छाती ऐकली आणि कमलाबाईंना म्हणाले, "न्यूमोनिया. फ्लू वाट करून देतो आणि मागून हा शिरतो. पेनिसिलीन सुरू करू. वय बासष्ट आहे, खोटं सांगत नाही, सांभाळावं लागेल."

सकाळ-संध्याकाळ ते स्वतः इंजेक्शन द्यायला यायचे. कमलाबाई निलगिरीचा वाफारा द्यायच्या, पाठीला टेकू देऊन बसवायच्या, चमच्यानं पेज घालायच्या. बंडू रात्री गॅलरीत निजायचा.

अप्पांना हे दोन दिवस कुणी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते तडक शेजारच्या दारात आले. दारात कमलाबाई.

"सरा, कमलाबाई."

"नाही सरणार."

"मी तिचा नवरा आहे!"

"म्हणूनच नाही सरणार. ती शुद्धीवर आली की पहिलं तुमचं विचारते, अप्पांना खोकला नाही ना. मी काय सांगू तिला? आत येऊन बसलेत म्हणून सांगू?"

अप्पा मोठे गृहस्थ. चाळीत त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. त्यांच्या गोल चेहऱ्यावरून पाणी ओघळलं, आणि मग ते मागे फिरले. थोड्या वेळानं बाहेर आले ते वर्तमानपत्र घेऊन. कमलाबाईंच्या बंद खिडकीपासून हातभर अंतरावर बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. बातम्या, अग्रलेख, समितीच्या सभेचा वृत्तांत, बाजारभावसुद्धा. चाळीतली माणसं आपापल्या दारांतून ऐकत होती, जवळ कुणी आलं नाही. आत यशोदाबाई कण्हत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. तो आवाज खोकत नव्हता, तेवढं त्यांना पुरत होतं.

कमलाबाईंना आता अप्पांचं पान वाढायला सवड उरली नव्हती. त्या दिवसांत अप्पांनी घरात काय काय केलं याच्या गोष्टी पुढं बरीच वर्षं निघायच्या. स्टोव्हला पंप मारायचं बोटांना जमेना, तर तळव्यानं मारला. भाताची खिमट झाली, ती खाल्ली. वाकड्या बोटांनी चहा केला आणि पहिला कप शेवंतीसाठी गॅलरीत ठेवला. शेवंती म्हणायची, "साखर नव्हती, पण म्हाताऱ्यानं गाळला होता."

दुसऱ्या आठवड्यात यशोदाबाईंचा श्वास मोकळा झाला. मानकर नळी कानातून काढून नुसतेच हसले. पण त्या उठल्या त्या निम्म्या होऊनच. केस मुठीनं गळले, जिना चढताना मध्ये दोनदा टेकावं लागे. छातीतली ती घरघर पुढं कधी पुरती गेली नाही. मानकरांनी परवानगी दिली तेव्हा कमलाबाई त्यांना हाताला धरून पलीकडच्या दारापर्यंत घेऊन आल्या. अप्पा उभे होते.

"किती वाळलीस," ते म्हणाले.

"भात नीट शिजत होता का?" यशोदाबाईंनी विचारलं.

"अगदी," अप्पा म्हणाले. कमलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

त्या साथीत अप्पांना काही झालं नाही. आतल्या खोलीत कधीतरी त्या तापाची झुळूक शिरली असेल, शिरली नसेल. साथ श्रावणापर्यंत ओसरली, गिरण्या पुन्हा भरल्या. दोघी मैत्रिणींनी त्या वाटीचा आणि तपेलीचा विषय पुन्हा काढला नाही. मात्र शामरावांच्या घरी यशोदाबाई पहिल्यांदा गेल्या त्या कमलाबाईंना बरोबर घेऊनच. शामरावांच्या बायकोनं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. यशोदाबाई थोडा वेळ बसून आल्या, आणि मग दर गुरुवारी जात राहिल्या.

महाराष्ट्र राज्य झालं ते अप्पांनी पाहिलं. त्या रात्री शिवाजी पार्कला जायचा त्यांचा हट्ट होता. गर्दी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सीताराम त्यांना टॅक्सीनं नेऊन, रोषणाई दाखवून घेऊन आला. बासष्ट साली झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

यशोदाबाई नंतर सुनंदाकडे दादरला राहायला गेल्या. मी त्यांना पाहिलं ते तिथंच, पातळ अंबाडा, हातात लवंगांची डबी. दिवाळीनंतर कमलाबाई महिनाभर राहायला येत. संध्याकाळी दोघी पार्काच्या कट्ट्यावर बसत, एकीला दम लागला की दुसरी थांबे, आणि कुणाची सून कशी आहे यावरून भांडत. एकदा मी यशोदाबाईंना विचारलं, सगळी चाळ नावं ठेवत होती तेव्हा वाईट नाही वाटलं?

"वाटलं की," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं. कमळीचं तर फार वाटलं." मग कट्ट्यावर शेजारी बसलेल्या कमलाबाईंकडे वळून म्हणाल्या, "शाल घे गं अंगावर, वारा सुटलाय."